लोहारशाळेचं सामान, किलोच्या भावानं

(लोहारकाम शिकून स्वतःची भट्टी लावू पाहणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे.)

मंडळी, मला विषय दिलाय तो जुनी हत्यारं स्वस्तात कुठे मिळतात हा. ठिकाणं सांगणार आहेच, पण आधी घ्यायचं काय ते ठरवू. जुन्या बाजारात काही न ठरवता गेलं की पिशवी हमखास भरते, आणि तिच्यातलं निम्मं सामान वर्षभरात परत भंगारवाल्याकडे जातं.

सुताराला करवत विकत घ्यावी लागते, शिंप्याला मशीन. लोहार आपली सांडशी स्वतः घडवतो. छिन्नी, सुंबा, हातोडासुद्धा. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की जे आपल्या भट्टीत होऊ शकत नाही तेवढंच हत्यार म्हणून घ्या, बाकी सगळं पोलाद म्हणून घ्या. भट्टीत न होणाऱ्या वस्तू मोजून चार: ऐरण, व्हाइस म्हणजे तुकडा आवळून धरणारा शिकंजा, हवेचा ब्लोअर आणि ड्रिल मशीन. भंगारवाला हत्याराचे पैसे नगावर मागतो आणि पोलादाचे वजनावर. त्या दोन भावांमधल्या फटीतच तुमची सगळी बचत आहे.

ऐरणीपासून सुरू करतो, कारण सगळ्यांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. चित्रातली ऐरण म्हणजे एका टोकाला शिंग, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. ती विलायती घडण. आपल्याकडचे घिसाडी लोक पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या कडेला पाल टाकून कुऱ्हाडी, विळे, फाळ घडवत आले. बाप सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, बाई घण घालते, आणि खाली असतो जमिनीत रोवलेला पोलादाचा नुसता चौकोनी ठोकळा. ना शिंग, ना भोक. त्यांचं काम अडलं नाही. तेव्हा आकाराला भुलू नका. हातोड्याच्या बरोबर खाली वजन किती आहे आणि वरचा पृष्ठभाग किती कडक आहे, एवढंच बघा.

वजनाचा हिशेब पाठ करून ठेवा. पोलादाचं वजन घनमीटरला साधारण 7850 किलो. म्हणजे 15 सेंटीमीटरचा ठोकळा साडेसव्वीस किलो भरतो आणि 20 सेंटीमीटरचा जवळपास 63 किलो. बाजू थोडी वाढली की वजन किती उडी मारतं बघा. असे ठोकळे कुठे मिळतात? फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवणाऱ्या कारखान्यांतून बाद झालेल्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यांत. पुण्याच्या आसपास मुंढवा, भोसरी, चाकण या पट्ट्यात फोर्जिंगचं आणि डाय बनवण्याचं काम चालतं. झिजलेली डाय त्यांच्या कामाची राहत नाही, पण ती उलटी केली की खालची सपाट बाजू तुमची ऐरण. डायचं पोलाद तापलेल्या लोखंडावर हजारो ठोके खाण्यासाठीच केलेलं असतं, याहून वेगळं तुम्हाला काय हवंय? मला विचाराल तर नव्या माणसाला यापेक्षा चांगला सौदा नाही.

दुसरा पर्याय रेल्वेच्या रुळाचा तुकडा. सगळे तो आडवा ठेवतात आणि मग तक्रार करतात की ऐरण नाचते. रुळाची मधली पट्टी पातळ असते, त्यामुळे ठोका खाली पोचतच नाही. तो उभा रोवा. आज मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो, म्हणजे अर्ध्या मीटरचा तुकडा 30 किलो, आणि उभा केला की ते सगळं वजन हातोड्याच्या खाली येतं. वरची जागा तळहाताएवढीसुद्धा नसते हे खरं. पण आपण एका वेळी ठोकतो ती जागा त्याहून लहान असते.

रुळाबद्दल एक कायद्याची गोष्ट. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. रुळाच्या पट्टीवर उठावदार अक्षरांत कारखाना, पोलादाची जात आणि साल लिहिलेलं असतं, त्यामुळे 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते. तो माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडूनच तुकडा घ्या, पावती घ्या, आणि ती भट्टीपाशी ठेवून जाळू नका. (हशा)

आता विलायती ऐरण समोर आलीच तर. जुन्या इंग्रजी ऐरणीच्या बाजूवर तीन आकडे ठोकलेले असतात, समजा 1, 2, 14. विकणारा सांगेल की हा मॉडेल नंबर. तो नंबर नाही, वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे 112 पौंडांचा. दुसरा त्याचा पाव हिस्सा, म्हणजे 28 पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. 112 अधिक 56 अधिक 14, झाले 182 पौंड, साडेब्याऐंशी किलो. काटा नसला तरी वजन कळलं.

या ऐरणींना नरम लोखंडाच्या अंगावर कडक पोलादाची पाटी भट्टीत जोडलेली असे. कधीकधी ती पाटी एखाद्या कोपऱ्यात सुटते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून खिशात बेअरिंगची एक मोठी गोळी ठेवा. वीतभर उंचीवरून ती ऐरणीवर सोडा आणि किती उसळते बघा. तीन चतुर्थांश उंचीपर्यंत परत आली तर डोळे झाकून घ्या. निम्म्यापर्यंत आली तर भाव पाडा. पडल्या जागी बसली तर ते बीड, म्हणजे कास्ट आयर्न आहे, किंवा ती ऐरण कधीतरी आगीत सापडून तिचं पाणी उतरलंय, म्हणजे कडकपणा गेलाय. आणि गोळी एकाच ठिकाणी टाकून थांबू नका, चारही कोपऱ्यांवर टाका. सगळीकडे उसळते आणि एका जागी मेल्यासारखी पडते, तिथे पाटी सुटलेली आहे. आवाजावर फार विसंबू नका. खणखणीत वाजणारी ऐरण बहुधा चांगली असते, पण बिडाच्या अंगाला पोलादाचा माथा असलेल्या काही चांगल्या ऐरणी मुळातच मुक्या असतात.

व्हाइसचं लवकर आटोपतो. टेबलाला लावायची बिडाची व्हाइस फिटरच्या कामाची. तिच्यात तापलेला तुकडा धरून घण घातला की जबडा तडकतो. आपल्याला हवी लांब पायाची, घडीव लोखंडाची, जिचा पाय जमिनीवर टेकतो आणि ठोका जमीन खाते. पाय तुटलेला असो, स्प्रिंगची पट्टी हरवलेली असो, ते आपण करू. फक्त स्क्रू आणि त्याची नट-नळी तपासा. जबडा अर्धा उघडून हातानं पुढेमागे हलवा; आटे खाल्लेले असतील तर लगेच कळतं. आणि ताजा रंग दिसला की खिळ्यानं खरवडून बघायचं. रंगाखाली वेल्डिंगची शिवण निघते.

ब्लोअरला आवाज न करणारे गिअर आणि न डुगडुगणारा पंखा, एवढं पुरे. ड्रिल मशीनचा चक, म्हणजे बिट पकडणारा भाग, धरून हलवा. खेळ असेल तर भोक कधी गोल पडणार नाही. एक वस्तू मात्र जुनी कधीच घेऊ नका, ती म्हणजे ग्राइंडरचं दगडी चाक. त्याची बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि ते फुटतं तेव्हा माणूस समोर उभा असतो.

आता पोलाद. इथे भंगारवाल्याला सगळं सारखंच, आणि तुम्हाला नाही. ट्रकचा कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी), बेअरिंगची कडी, झिजलेली कानस, बांधकामाची सळई, चारही त्याच्या काट्यावर एकाच भावाचं लोखंड. सळईत कार्बन इतका कमी की तिला पाणी द्या, दूध द्या, धार धरणार नाही. पाट्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. कोयता, सुरी, छिन्नी यांना उत्तम. बेअरिंगच्या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. कानशीत कार्बन त्याहूनही थोडा जास्त. म्हणजे बोथट कानस ही किलोच्या भावात मिळणारी सगळ्यात श्रीमंत वस्तू.

ओळख पटवायला तुकडा ग्राइंडरला लावा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बन जास्त असेल तर जवळच फुटून फुलबाजी होते. तरी शंका असेल तर घरी त्याची एक पट्टी, तिला चुंबक धरेनासं होईपर्यंत तापवा, त्याच्या जरा वर न्या, पाण्यात बुडवा, फडक्यात गुंडाळून ठोका. ताडकन तुटली तर हत्याराचं पोलाद, वाकली तर गजाचं. ही फक्त परीक्षा. पाट्याच्या खऱ्या हत्याराला तेलातच बुडवा, पाण्यात तो चिरतो.

पाट्यातही निवड आहे. ट्रकखाली तुटलेला पाटा घेतला तर त्याच्या भोकाजवळ न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. ती बाजू कापून टाका, किंवा हायवेवरच्या कमानपाट्याच्या दुकानांतून नव्या पाट्यांचे उरलेले तुकडे मागा. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप भट्टीत घालू नका. जस्त नऊशे अंशांच्या आसपास उकळतं आणि त्या धुरानं थंडीताप भरतो. शॉक अॅब्सॉर्बर तर तापवूच नका, बंद नळी फुटते.

बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरचा लोखंडी पट्टा, दिसली तर सोडू नका. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकं मोडीत निघाली. त्यांतल्या फार जुन्या धावा घडीव लोखंडाच्या असतात. अर्धवट कापून वाकवलं की उसाचं कांडं मोडावं तसे धागे निघतात. धार लावायला कुचकामी, पण भट्टीत सांधायला आणि नक्षीकामाला आज बाजारात असं लोखंड नवं मिळत नाही.

ठिकाणं. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. तिथे हातोड्याचे माथे, सांडशा, पाने मिळतात. नगावर भाव, म्हणून घासाघीस करायची ती तिथे. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार आता शोभेच्या वस्तूंकडे जास्त झुकलाय. लोखंडासाठी मी दारूखान्याकडे बोट दाखवीन. तिथे जहाजं मोडायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पिंपरी-चिंचवडची कुदळवाडी भंगाराचं मोठं ठिकाण होतं. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली गोदामं, शेड पाडल्या. तेव्हा जुन्या माहितीवर टेम्पो घेऊन जाऊ नका, आधी फोन करा.

लांब जायची तयारी असेल तर गुजरातेत भावनगरजवळ अलंग. 1983 पासून तिथे जहाजं मोडतात. प्रत्येक जहाजात एक छोटा वर्कशॉप असतो, म्हणजे व्हाइस, ड्रिल, चेनब्लॉक, कधी लेथसुद्धा. माल जड आणि उत्तम. पण मोटरची पाटी वाचा. जहाजावर वीज बहुतेक 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 415 आणि 50. मशीन सहाऐवजी पाचच्या गतीनं चालतं आणि मोटर जास्त तापते. शिवाय ती थ्री-फेज. घरगुती जोडणीवर चालणार नाही, मग मोटर बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळा किंवा साखर कारखाने भंगार विकतात ते टनांत. आपण त्या लिलावात उभेच राहू शकत नाही. लॉट कुणी उचलला ते शोधायचं आणि त्याच्या गोदामात पहिल्या आठवड्यात पोचायचं. गाळप संपलं की उन्हाळ्यात कारखान्यांची दुरुस्ती निघते, जुने शाफ्ट बाहेर येतात. तेव्हा त्या बाजूच्या गोदामांतून एक फेरी मारा.

आता एका खरेदीबद्दल माझं ठाम मत आहे. गावोगावी लोहाराची भट्टी बंद पडतेय. मुलं कारखान्यात गेली, म्हातारा घरी, आणि भंगारवाला ऐरण काट्यावर घालून नेतो. तुम्ही तिथे आधी पोचा, पण त्याच भावानं मागू नका. त्या काट्याच्या दुप्पट पैसे द्या, तरी ती तुम्हाला स्वस्तच पडेल. सोबत सांडशांचा जुडगा मागा आणि बाबांना विचारा, कुठली कशासाठी. गोल गजाची वेगळी, पाट्याची वेगळी, फाळाची वेगळी. ते सांगतील ते लिहून घ्या. आणि खंडेनवमीच्या सुमारास जाऊन विकण्याची गोष्ट काढू नका. त्या दिवशी त्या ऐरणीला हळदकुंकू लागलेलं असतं.

(यानंतर एका मुलीनं विचारलं, की ऑनलाइन मिळणारी नवी, शिंगवाली, रंगवलेली ऐरण घ्यावी का?)

वर्णनात 'कास्ट आयर्न' लिहिलं असेल तर नको. बीड ठोक्यानं खचतं, कडा उडतात. 'कास्ट स्टील' किंवा 'फोर्ज्ड' लिहिलं असेल, कडकपणाचा आकडा दिला असेल आणि परत करायची सोय असेल, तर मागवा, गोळी टाकून बघा, मग ठरवा. पण तुझं बजेट तेवढंच असेल, तर मी म्हणेन की डायचा ठोकळा घे आणि उरलेल्या पैशात ब्लोअर. ठोकळा बाभळीच्या ओंडक्यावर बसव, ओंडका हातभर जमिनीत गाड. सरळ उभी राहून हात खाली सोडलास की मूठ जिथे येते, ती ऐरणीच्या माथ्याची उंची. ओंडका कापायच्या आधी ठोकळ्याची जाडी मोजायला विसरू नकोस.