करंट आला की तूही ओढ

नमस्कार श्रोतेहो.

गुडघ्याचं ऑपरेशन होतं, टाके निघतात, घरचे म्हणतात आता चालायला लाग, आणि मांडी ऐकतच नाही. आवळायला जावं तर आवळत नाही. पाय गादीवरून उचलायला जावं तर टाच सुटत नाही. मी फिजिओथेरपिस्ट, असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात आणि पहिला प्रश्न एकच विचारतात: मॅडम, नस तुटली का हो?

बहुतेकांची नस तुटलेली नसते. गुडघा सुजला, आत पाणी धरलं, की सांध्याकडून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात ते मांडीच्या पुढच्या स्नायूला रोखून धरतात. स्नायू शाबूत, नसही शाबूत, पण हुकूम पोचत नाही. आणि न वापरलेली मांडी दोन-तीन आठवड्यांत नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी उतरते.

अशा वेळी हुकूम बाहेरून देता येतो. मांडीवर चिकट पॅड लावायचे आणि मशीनमधून मापात करंट सोडायचा. आतली नस चेतवली जाते आणि स्नायू आपोआप आवळतो. दुखणं कमी करायला नुसत्या मुंग्या येतील असा करंट देतात, तो वेगळा. पुन्हा सांगते, तो वेगळा. ताकद यायची तर स्नायू डोळ्यांना दिसेल असा आवळला पाहिजे. नुसत्या मुंग्यांनी मांडी भरत नाही.

हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं समजावलं ते एका वस्तादांनी.

नदीकडच्या एका तालमीतला पोरगा. कुस्तीत गुडघा फिरला, आतलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून धरणारा पट्टा, तुटलं, ऑपरेशन झालं. माझ्याकडे आला तेव्हा एक मांडी पैलवानाची आणि दुसरी शाळकरी पोराची वाटत होती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हटलं, दाब. त्याच्या कपाळावर घाम आला, जबडा आवळला, दुसऱ्या पायाची बोटंसुद्धा वळली. मांडी मात्र थंड. म्हणाला, "मॅडम, ह्यो पाय माझा ऱ्हायलाच न्हाई."

सोबत वस्ताद होते. धोतर, पटका, कान मोडलेले, सत्तरी ओलांडलेली. काही न बोलता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मी पॅड लावले आणि हळूहळू करंट वाढवला. आधी मुंग्या, मग थरथर, आणि मग एकदम मांडी गच्च आवळली आणि गुडघ्याची वाटी वर सरकली. पोरगं खूश झालं. दुसऱ्या-तिसऱ्या आवळणीला त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि बघत पडलं. मांडी तिकडे तिचं तिचं काम करतेय.

वस्ताद उठले. जवळ येऊन त्यांनी सबंध तळहात त्या मांडीवर ठेवला. करंट आला, गेला, परत आला. त्यांनी विचारलं, "काय रं, आत्ता ह्यो जोर कुनाचा?"

"मशीनचा, वस्ताद."

"मग कुस्ती बी मशीनच मारनार व्हय?"

मोबाईल काढून घेतला आणि बंडीच्या खिशात टाकला. मग मला म्हणाले, "बाई, ह्यानं संगं वढलं तर चालंल का?" मी म्हटलं, वस्ताद, चालेल काय, तेच तर करायचंय! करंट आला की पेशंटनं स्वतःही जीव लावून मांडी आवळायची. दोन्ही हुकूम एकदम पोचले पाहिजेत.

तिथून पुढे वस्तादच मोजायला लागले. दहा सेकंद करंट, मग चाळीस सेकंद विसावा. त्यांना तो विसावा फार वाटला. "येवढ्यात आमची पोरं किती बैठका मारत्यात!" मी सांगितलं, आपण स्वतः आवळतो तेव्हा स्नायूतले तंतू आळीपाळीनं काम करतात. करंट मात्र त्याच त्या तंतूंना एकदम जुंपतो, म्हणून ते लवकर थकतात. एका बैठकीला दहा-पंधरा आवळण्या पुरे. त्यांना ते पटलं. थकलेल्या पैलवानाला रेटायचं नाही, हे त्यांना मी सांगायला नको होतं. मग म्हणाले, हे काढलं कुणी? मी म्हटलं, इटलीत बोलोन्याला गॅल्व्हानी म्हणून होता, त्यानं बेडकाचे पाय विजेनं उडवले आणि १७९१ साली ते छापून सांगितलं. "बेडकालाबी जोर काढाय लावला म्हना की," एवढंच बोलले आणि परत मोजायला लागले.

वस्ताद एकही दिवस चुकले नाहीत. तळहात मांडीवर, आणि करंट चढायला लागला की खणखणीत आवाज: "आला बघ, वढ!" शेजारच्या टेबलावर मान धरलेले एक गृहस्थ होते, तेही दचकायचे. आणि एके दिवशी विसावा चालू असताना, म्हणजे करंट नसताना, वस्तादांनी मुद्दाम हाक दिली, "वढ!" पोरानं ओढलं. वाटी बोटभर वर सरकली. मशीनचा दिवा बंद होता. वस्तादांनी हात उचलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, ह्यो त्याचा."

पुढे जोतिबाच्या यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान जवळ आलं तेव्हा मात्र आमचं वाजलं. नऊ महिने व्हायच्या आत आणि ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरल्याशिवाय मातीत उतरायचं नाही, हे मी सोडलं नाही. ते चिडले, पण पोराला थांबवलं त्यांनीच.

तालमीवरून आठवलं. घरी ऑपरेशनचा पेशंट असला की त्याला नुसती पेज आणि मऊ भात भरवतात, का ते मला कळत नाही. स्नायू भातानं भरत नाही. डाळ, उसळ, अंडी, दूध पोटात गेलं पाहिजे. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर पिळलेलं दूध मिळणारं आपलं कोल्हापूर, आणि पेशंटला आपण पेज पाजतो! घरी आणून नीट उकळा आणि द्या.

आता थोडक्यात आणि महत्त्वाचं. हृदयाला पेसमेकर असेल तर हे मशीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, छातीवरून आरपार नाही. टाक्यांवर, उघड्या जखमेवर, कॅन्सरच्या गाठीवर नाही. पिंढरी अचानक सुजून दुखायला लागली, गरम लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा मशीन बाजूला ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. मधुमेहानं पायाची संवेदना गेली असेल तर करंट किती लागतोय ते पेशंटला कळत नाही, म्हणून घरी एकट्यानं लावायचं नाही.

आत स्क्रू किंवा प्लेट आहे, चालेल का, असं फार जण विचारतात. स्नायू आवळणारा करंट साधारणपणे चालतो. खोलवर गरम करणारी डायथर्मी मात्र धातूवर चालत नाही. दोन्ही मशीनं एकाच खोलीत असतात, म्हणून आत धातू आहे हे आधी सांगा. पुन्हा सांगते, आधी सांगा.

आणि मोबाईलवर पोट कमी करायचे पट्टे दिसतात, झोपून राहा आणि वजन उतरवा म्हणतात. त्यात पैसे घालू नका. चरबी त्यानं उतरत नाही.

घरी मशीन घ्यायचंच असेल तर आधी फिजिओकडे जाऊन पॅड कुठे लावायचे, गुडघा किती वाकवून ठेवायचा ते शिकून घ्या. पॅडच्या जागी मांडीवर पेनानं खूण करून घ्या. मशीन बंद असतानाच पॅड लावा आणि बंद करूनच काढा. आणि चिकटपणा गेलेला, कडेनं सुटलेला पॅड टाकून द्या. चार पैसे वाचवायला तोच तो वापरतात, मग करंट एका कोपऱ्यात गोळा होतो आणि कातडी भाजते. नमस्कार.