समोरची टीमपण खेळायलाच आलेली असते

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला विषय दिलाय की आपली टीम कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून सडकून हरली की डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं. मी स्कोअरर आहे, पुण्यातल्या क्लब मॅचेस, शाळांच्या टूर्नामेंट, असं बरीच वर्षं बाउंड्रीबाहेरच्या टेबलाशी बसून लिहितेय, तेव्हा मी जे बोलेन ते स्कोअरबुकच्या बाजूने बोलेन.

तुमच्यापैकी कितीजणांनी स्कोअरबुकचं पान नीट बघितलंय माहीत नाही, म्हणून सांगते. वरच्या भागात बॅटिंग करणाऱ्यांची नावं, खालच्या भागात बॉलरची नावं आणि ओव्हरचे चौकोन. एक बॉल पडला की तो नुसता बॅटरच्या पुढे लिहून भागत नाही, तोच बॉल खाली बॉलरच्या चौकोनातपण लिहावा लागतो. विकेट पडली तर वर लिहायचं कसा आउट झाला, कॅच कुणी घेतला, आणि पेन खाली आणून बॉलरच्या नावापुढे डब्ल्यू काढायचा, तेव्हा कुठे ती विकेट लिहून झाली. आणि शेजारच्या खुर्चीवर समोरच्या टीमचा स्कोअरर बसलेला असतो. अगदी शेजारी, एकाच टेबलावर. ओव्हर संपली की आम्ही दोघं टोटल जुळवतो, त्याचे १४३ आणि माझे १४२ झाले तर तिथेच थांबून शोधायचं कोणाचा लेगबाय, म्हणजे पायाला लागून निघालेला रन, लिहायचा राहिला. मॅच कितीही तापलेली असू दे, त्याच्याशी जुळल्याशिवाय माझं पान पूर्ण होत नाही.

हे एवढं सांगितलं कारण मोठी मॅच हरलो की आपण सगळे फक्त वरचा अर्धा भाग वाचतो. अमका शून्यावर गेला, तमक्याने माती खाल्ली, कॅप्टनला अक्कल नाही, सगळे आयपीएलचे पैसे मोजतायत. खालच्या अर्ध्या भागात कोणाची नावं आहेत ते कोणी बघतच नाही. म्हणजे जणू काही आपली टीम एकटीच खेळत होती आणि आपण आपल्याच चुकीने हरलो, समोर कोणी नव्हतंच! माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की समोर कोणीतरी असतं, आणि ते लोक पण महिनोन्महिने तयारी करूनच आलेले असतात.

लांब कशाला जायचं, आपलं गहुंजे घ्या. फेब्रुवारी २०१७, त्या स्टेडियमवरची पहिलीच टेस्ट, समोर ऑस्ट्रेलिया. भारत तेव्हा सलग १९ टेस्ट हरलेला नव्हता, आणि पुणेकरांना वाटत होतं चला, आपल्याकडे पण एक जंगी विजय होणार. झालं काय, तर १०५ आणि १०७ मध्ये ऑल आउट, ३३३ रननी हार, मॅच तिसऱ्याच दिवशी खलास. पहिल्या इनिंगमध्ये शेवटच्या सात विकेट ११ रनमध्ये गेल्या. स्टीव्ह ओकीफ नावाचा लेफ्टआर्म स्पिनर, ज्याचं नाव आपल्याकडे फार कोणाला ठाऊक नव्हतं, त्याने दोन्ही इनिंगमध्ये ३५ रन देऊन ६ विकेट काढल्या, म्हणजे अगदी तोच आकडा दोनदा. गहुंजेहून परत येताना एक्सप्रेसवेपर्यंत ती गर्दी आणि लोकांचं तेच चाललेलं, पिच खराब, बॅटिंग भिकार, नाक कापलं.

आता खालचा अर्धा भाग वाचूया. ओकीफला लंचच्या आधी विकेट मिळालेली नव्हती. लंचला बाकीचे जेवत होते तेव्हा हा माणूस आपल्या श्रीरामला, म्हणजे श्रीधरन श्रीराम, भारताकडून वनडे खेळलेला, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा स्पिन सल्लागार, त्याला घेऊन ग्राउंडवर गेला आणि आपली लाइन दुरुस्त करत बसला. या पिचवर बॉल कसा टाकायचा, किती जोरात टाकायचा, याचा त्याने तिथल्या तिथे विचार केला. लंचनंतर आला आणि एकाच ओव्हरमध्ये राहुल, रहाणे, साहा तिघेही गेले. त्याचे बरेच बॉल वळतच नव्हते, सरळ जात होते, आणि आपले बॅटर वळेल म्हणून खेळत होते. ऑस्ट्रेलिया त्या दौऱ्याआधी दुबईला जाऊन आशियातल्या पिचची तयारी करून आलेली, त्यात स्मिथने दुसऱ्या इनिंगमध्ये त्याच पिचवर १०९ काढले, आपण त्याचे कॅच सोडले ते सोडलेच पण तरी १०९ काढावे लागतातच ना. स्टार्कने शेवटच्या विकेटला हेझलवुडला घेऊन ५५ रन जोडले, लो स्कोअरिंग मॅचमध्ये ते ५५ किती मोठे होते ते स्कोअर लिहिणाऱ्याला विचारा.

हे सगळं वाचलं की हार कमी दुखते असं नाही हं, दुखतेच. पण ती कशामुळे झाली ते कळतं, आणि मग आपण उगाच कोणाच्या आईबापाचा उद्धार करत नाही. आणि पुढे काय झालं? बंगळुरूला आठवड्याभरातच पुढची टेस्ट, पहिल्या इनिंगमध्ये परत १८९ ला गुंडाळले गेलो, त्यांच्या लायनने ८ विकेट घेतल्या, सगळे म्हणाले झालं, संपलं. पण पुजारा दुसऱ्या इनिंगला ९२ रन करून उभा राहिला, आश्विनने शेवटी ६ काढल्या, ७५ रननी जिंकलो आणि सिरीज २-१ ने घेतली. तेच खेळाडू, ज्यांना लोक घरी बसवायला निघाले होते.

आता पाकिस्तान. हा विषय काढला की सभागृहातली हवाच बदलते हे मला माहितीये, पण काढल्याशिवाय बोलणं अर्धवट राहील.

२४ ऑक्टोबर २०२१, दुबई, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. वर्ल्ड कपमध्ये त्या दिवसापर्यंत पाकिस्तानने आपल्याला एकदाही हरवलं नव्हतं. आपले १५१, त्यांचे बिनबाद १५२, दहा विकेटनी हार. रात्री व्हॉट्सॲपवर आणि बाकी सगळीकडे काय चाललं होतं ते तुम्हीही वाचलंय. सगळं खापर एकाच माणसाच्या डोक्यावर फोडलं, मोहम्मद शमी. आणि ते का फोडलं हे इथे बसलेल्या प्रत्येकाला कळतं, त्याच्या नावामुळे, दुसरं काही नाही. मी त्याचा स्कोअर वाचते, तुम्हीच ठरवा. १७ ओव्हर संपल्या तेव्हा पाकिस्तान बिनबाद १३५, जिंकायला १८ बॉलमध्ये १७ हवेत, हातात दहा विकेट. मॅच केव्हाच गेलेली. शमीचे तोपर्यंत ३ ओव्हरमध्ये २६, म्हणजे काही फार वाईट नाही. त्या १८ व्या ओव्हरमध्ये रन गेले म्हणून त्याचे ४३ दिसतात. विकेट तर आपल्या कोणालाच मिळाली नाही, बुमराहला नाही, भुवनेश्वरला नाही, जडेजाला नाही. मग एकट्या शमीला देशद्रोही का म्हणायचं? त्यानंतर विराट कोहली पत्रकारांसमोर बसून जे बोलला, की धर्मावरून एखाद्यावर तुटून पडणं ही माणसाने करायची सगळ्यात खालच्या दर्जाची गोष्ट आहे, अशा अर्थाचं, ते मला त्याच्या कुठल्याही सेंच्युरीपेक्षा मोठं वाटतं, अगदी मनापासून सांगते. त्याच मॅचनंतर तो पाकिस्तानच्या रिझवानला हसून मिठी मारताना दिसला तर त्याच्यावरपण लोक चिडले होते.

आणि त्या मॅचचा खालचा अर्धा भाग? शाहीन आफ्रिदी. पहिल्याच ओव्हरमध्ये रोहित त्याच्या पहिल्याच बॉलला पायचीत, शाहीनच्या पुढच्या ओव्हरला राहुल बोल्ड, आत येणारा बॉल, जगातल्या कुठल्याही ओपनरचा गेला असता. नंतर कोहलीने ५७ केले पण त्यालापण शेवटी शाहीननेच काढला. मग रिझवान ७९, बाबर ६८, दोघंही नाबाद, एकही चूक नाही. टॉस हरलो होतो, दुबईत त्या स्पर्धेत दुसऱ्यांदा बॅटिंग करणाऱ्याला फार सोपं जात होतं, हे सगळं खरं. पण दोन ओपनरनी बिनबाद दीडशे करणं हे नुसत्या टॉसने होत नाही हो. ते लोक चांगले खेळले. एवढं एक वाक्य म्हणायला आपल्याला इतकं जड का जातं?

चेन्नईच्या लोकांना जड गेलं नाही. ३१ जानेवारी १९९९, चेपॉकवरची टेस्ट, २७१ चा पाठलाग, सचिन पाठ धरून धरून १३६ वर खेळतोय, तो आउट झाला तेव्हा जिंकायला १७ हवे होते, आणि आपण १२ रननी हरलो. पाकिस्तानकडून. आणि ते स्टेडियम उभं राहिलं, पाकिस्तानच्या टीमने फेरी मारली आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. त्या लोकांना वाईट वाटलं नसेल का? सचिनसाठी रडले असतील ते. रडून झाल्यावर टाळ्या वाजवल्या.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याच पुण्यातली आहे, आणि ती तरुण मुलांना मी नेहमी सांगते कारण ती कोणाला माहीतच नसते. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं ग्राउंड, रणजी ट्रॉफी, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम तेव्हा ४५२ नाबाद, म्हणजे फक्त ९ रन कमी, दोनतीन ओव्हरचा खेळ. महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी मॅच सोडून दिली. आपल्याविरुद्ध असला विक्रम झाला हे त्यांना नको होतं म्हणून टीम घेऊन निघून गेले. निंबाळकर पुढे कधी टेस्ट खेळले नाहीत. फर्स्टक्लासमध्ये, म्हणजे टेस्ट-रणजीसारख्या मोठ्या मॅचेसमध्ये, भारतीय खेळाडूचा तो आजपण सगळ्यात मोठा स्कोअर आहे. मला नेहमी त्या दिवशीच्या स्कोअररचं वाटतं, त्याने पान अर्धवट बंद केलं असेल. काठियावाड हरलं असतं तर हरलं असतं, त्यात काय लाज होती? त्यांच्या बॉलरनी निदान त्या माणसाला बॉल टाकले होते, पुढच्या पिढ्यांना सांगितलं असतं आम्ही त्याच्यासमोर होतो. पळून गेले त्याचं काय सांगणार?

ॲडलेड ३६ ऑल आउट बद्दल बोलल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, म्हणून थोडक्यात. १९ डिसेंबर २०२०, एकही बॅटर दोन आकड्यात नाही, हेझलवुड ८ रनात ५. ते बॉल परत बघा, एकामागून एक बाहेरची कड लागून कीपरच्या ग्लव्हजमध्ये नाहीतर स्लिपच्या दिशेने. एरवी अशा बॉलिंगवर बॅटर चारपाच वेळा चुकतो आणि बॉल बॅटच्या बाजूने निघून जातो, आम्ही डॉट लिहितो आणि पुढे जातो. त्या दिवशी कड लागत गेली. म्हणून मी म्हणते, ३६ हा आकडा खरा आहे पण ती टीम ३६ ची नव्हती. ठीक एका महिन्याने, १९ जानेवारीला, ब्रिस्बेनच्या गॅबावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती, तिथे तीच टीम, खरं तर अर्धी टीम, कारण कोहली घरी, शमी, बुमराह, आश्विन, जडेजा सगळे जायबंदी, ३२८ चा पाठलाग करून जिंकली. पुजाराने अंगावर बॉल झेलत २११ बॉल खेळून काढले. ॲडलेडला तो शून्यावर गेला होता.

आता कोणीतरी विचारेलच की मग टीका करायचीच नाही का. करायची! पैसे देऊन तिकीट काढतो, जीव टाकतो, हक्क आहे आपला. मी स्वतः गहुंजेच्या २०१७ च्या पिचवर चिडले होते आणि आयसीसीनेपण त्या पिचला 'पूअर' शेरा दिला, तो योग्यच होता. २०२४ ला परत गहुंजे, न्यूझीलंड, मिचेल सँटनर, एका मॅचमध्ये १३ विकेट, आणि घरच्या सलग १८ सिरीज जिंकण्याची मालिका आपल्याच गावात तुटली. मग मुंबईतही हरून ३-०. त्यावर विचारा ना, आपले मोठे बॅटर रणजी किती खेळतात, स्पिनविरुद्धचं पायाचं काम कुठे गेलं, अशी पिचेस बनवून आपणच आपल्या बॅटरना अडचणीत आणतोय का. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि विचारले गेले म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत रोहित मुंबईकडून आणि कोहली दिल्लीकडून रणजी खेळताना दिसले. हे प्रश्न निर्णयांचे आहेत, तयारीचे आहेत. खेळाडूच्या लहान मुलीवर, बायकोवर, धर्मावर जाणं याला टीका म्हणत नाहीत. २०२१ ला ते झालं, त्याआधी २००७ ला बांगलादेशकडून हरलो तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोच धोनी टी-ट्वेंटी वर्ल्ड कप घेऊन आला तर मिरवणुकीत नाचलेसुद्धा.

आणि घरात मुलं असतील तर एक करून बघा. हरलेल्या मॅचचं स्कोअरकार्ड त्यांच्यासमोर ठेवा आणि आधी बॉलिंगचा भाग वाचायला लावा, कोणी किती ओव्हर टाकल्या, कोणाला काढलं, कसं काढलं. माझ्याकडे स्कोअरिंग शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हेच करायला लावते. सँटनरची १३ विकेटची यादी एका मुलीने लिहून काढली आणि विचारलं, ताई, हा माणूस बॉलचा स्पीड एवढा बदलतो तर आपल्याकडे असा कोण आहे? मग आम्ही त्याच मॅचच्या पहिल्या दिवसावर आलो, वॉशिंग्टन सुंदर, ५९ रनात ७. तो पण याच पिचवर होता. मग पुढचा तासभर आम्ही त्या दोघांचे बॉल मोबाइलवर बघत बसलो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.