मेमोची भीती आणि रुग्णाचा जीव

सगळ्या सिस्टर, विद्यार्थिनी आणि डॉक्टर मंडळींना नमस्कार. अभ्यासातले आकडे नंतर सांगते, आधी माझ्या हातून काय होता होता राहिलं ते ऐका.

नोकरीला तीन वर्षं झाली होती. मेडिसिनच्या वॉर्डात नाइटला मी आणि एक विद्यार्थिनी, दोघीच. खाटा ४०, खाली गाद्यांवर आणखी १४ रुग्ण. पहाटे साडेतीनला एका आजोबांची शिरेतली लाइन फ्लश करायची, म्हणजे सलाइन सोडून मोकळी करायची होती. ट्रॉलीतून सलाइनचं समजून ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, उचललं, फोडलं, सिरिंजमध्ये ओढलं. तेवढ्यात ती मुलगी दबकत म्हणाली, ‘‘सिस्टर, लेबल बघता का एकदा?’’ पोटॅशियम क्लोराइड होतं. पातळ न करता एकदम शिरेत गेलं, तर हृदय बंद पडतं.

सिरिंज टाकून दिली आणि गप्प बसले. मेमो मिळेल, वेतनवाढ अडेल, याच धास्तीनं. अकरा दिवस तोंड उघडलं नाही. ते अकरा दिवस दोन्ही ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी होती आणि दर पाळीला कुणाचा तरी हात तिथे जात होता. ॲम्प्यूल चुकलं त्यापेक्षा या अकरा दिवसांचं ओझं मला आजही जास्त वाटतं.

शेवटी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं. बाईंनी मेमो काढला नाही. उठल्या, पोटॅशियमची सगळी ॲम्प्यूल वेगळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि त्या विद्यार्थिनीला बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधिकेनं औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या वॉर्डात चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटंच. जिथे इन्चार्जशी मोकळेपणानं बोलता येत होतं, तिथे चुकांच्या नोंदी जास्त होत्या, कारण तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाचं चुकांचं रजिस्टर कोरं दिसलं की मला काळजी वाटते.

आता माणसांची संख्या. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकन या परिचर्या संशोधिकेचा २००२ मधला अभ्यास आहे. एका नर्सवर शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. माझ्या त्या रात्रीचा हिशेब तुम्हीच करा.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली. १० बाळं गेली. बोलताना आजही आवंढा येतो. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. आईबापांना जाब मिळायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण यंत्रं आणि वायरिंग कुणी तपासायचं, आग लागली तर बाळं कशी बाहेर काढायची याचा सराव कुणी घ्यायचा, हे प्रश्न नर्सच्या नावापाशी येऊन थांबले, तर पुढचं बाळ तितकंच धोक्यात राहतं.

म्हणून एक मागणं आहे. दर पाळीला आपण ओव्हर देतो, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सांगतो, त्यात एक वाक्य वाढवा: आज कुठे चुकता चुकता वाचलं. आणि मेट्रन मॅडम, ते ऐकल्यावर ‘कोण होती ड्यूटीवर?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ॲम्प्यूल कुठे ठेवली होती?