मैदानाच्या मधली रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

10 मार्च 2024, रविवार. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातलं टार्गेट सेंटर खचाखच भरलंय. खेळ चाललाय कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा. 'बिग टेन' या विद्यापीठांच्या गटाचा अंतिम सामना, आयोवा विरुद्ध नेब्रास्का. या स्पर्धेची सगळी तिकिटं आधीच संपली होती. असं पहिल्यांदाच घडत होतं. मध्यंतराला आयोवा मागे, आणि जिच्यासाठी अर्धं स्टेडियम आलं होतं त्या आयोवाच्या केटलिन क्लार्कचे गुण अवघे चार!

अशा स्पर्धांना तिथे कॉन्फरन्स टूर्नामेंट म्हणतात. एकदा हरलात की घरी. शेवटपर्यंत जिंकलात, तर राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. त्या वर्षी 68 संघांपैकी 32 असे थेट आले, उरलेले 36 निवड समितीने घेतले. आयोवासारख्या बड्या संघाला समिती घेतेच. लहान कॉलेजच्या मुलींना मात्र बहुतेक वेळा हा एकच दरवाजा असतो. म्हणून मला या स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेपेक्षाही जिवाला लागणाऱ्या वाटतात.

पण एवढी गर्दी आली कुठून? एका खेळाडूमुळे, असं सगळे म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. आयोवा राज्यात शाळकरी मुलींच्या राज्यस्पर्धा 1920 पासून भरतायत. तिथला खेळ वेगळा होता. संघात सहा मुली. तिघींनी फक्त बास्केट करायची, तिघींनी फक्त अडवायचं. चेंडू हातात आला की दोनच टप्पे मारायचे. आणि मैदानाच्या मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही, कारण एवढी धावपळ मुलींना झेपणार नाही, अशी त्या काळची समजूत! तरी गावंच्या गावं हे सामने बघायला लोटायची. 1993 मध्ये हा प्रकार बंद झाला. तो खेळलेल्या बायका आज आया आहेत, आज्या आहेत. मुलींचा खेळ तिकीट काढून बघायचा असतो, हे त्या घरांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि क्लार्क? ती तर त्या मधल्या रेघेच्या जवळूनच चेंडू फेकते, तीन गुणांसाठी.

मध्यंतरानंतर तिने 30 गुण केले. नेब्रास्काच्या मुलीही हटल्या नाहीत. बरोबरी झाली, जादा वेळ द्यावा लागला. शेवटी आयोवा 94, नेब्रास्का 89. आयोवाचं हे सलग तिसरं विजेतेपद.

नमस्कार.