घंटा खाली येताना

(दृश्य : चर्चच्या भिंतीवरच्या तीन रेघा, जवळून)

खालची रेघ २००५च्या पुराची, कमरेइतकी. सगळ्यात वरची २०१९ची, उंच माणसाच्याही डोक्यावर जाणारी. मधली २०२१ची. ती काढताना कुणी वर्षसुद्धा लिहिलं नाही.

सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं हे गाव. पुरामुळे इथलं चर्च आता माळावरच्या नव्या जागेत हलतंय. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा या चर्चमधले बाक तरंगत दारापर्यंत आले होते.

(दृश्य : भिंतीचा कोपरा, बोटाने झडणारा गिलावा)

खाली काळा दगड, वर मातीत बांधलेल्या विटा, त्यावर कौलं. पाणी ओसरतं, पण मातीतली ओल राहते. भिंतींना लोणा लागतो. रंग दर नाताळाला नवा दिला जायचा आणि पावसाळ्यापर्यंत पापुद्रे धरायचा. माझ्या मते २००५लाच निघायला हवं होतं. पण बाप्तिस्मा इथं, लग्नं इथं आणि शेवटची प्रार्थनाही इथंच झालेली.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनचं काम १८५२मध्ये सुरू झालं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं हॉस्पिटल उभं राहिलं १८९४मध्ये. या परिसरातली ख्रिस्ती वस्ती त्याच वाटेनं वाढली. उपासनेत पेटी-तबला आला, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं आली. टिळक अखेरच्या काळात साताऱ्यात होते, म्हणजे आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला.

(दृश्य : कापणीचा सण, लिलाव)

नव्या जागेचा पैसा कुठून आला? हा भोपळा बघा. कापणीच्या सणाला घरोघरचं आलेलं वेदीपुढे मांडतात आणि मग लिलाव करतात. हळद, बेदाणा, गुळाची ढेप, कोंबडा. हा भोपळा पाच वेळा विकला गेला. घेणारा पैसे भरायचा आणि भोपळा परत ठेवायचा. बोली पुकारणाऱ्या बाई महिला मंडळाच्या. हिशेबाची वहीही त्यांच्याकडेच. भाषणांमध्ये मात्र पंचांचे आभार मानले जातात.

जागा बदलायची की नाही, यावर मतदान झालं त्या रविवारी आमचा कॅमेरा नव्हता. चार घरं विरोधात होती. त्यातली दोन आता मिरजेला उपासनेला जातात.

(दृश्य : आजी, पायरीवर बसलेल्या)

मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजींना विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूनं? "पोरी, देवाला पवाय येतंय. मला न्हाई."

(दृश्य : मनोरा, शनिवार सकाळ)

आता घंटा. मिस्त्री गावातलेच, हल्लीच मशिदीच्या घुमटाचं काम करून आलेले. बोल्ट गंजून एकजीव झालेले, म्हणून दोन दिवस आधीच त्यावर रॉकेल सोडून ठेवलेलं. मनोऱ्यावर तीन बल्ल्यांची तिकाटी उभी केली, तिला चेनपुली अडकवली. घंटेला पोती गुंडाळली, कड फुटू नये म्हणून. लोलक काढायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीच थांबले. म्हणाले, "आधी वाजवून घ्या."

आजींनी दोर ओढला.

(इथे निवेदन नाही. तीन टोले, मग कबुतरं.)

लोलक पोत्यात गेला. चेन एकेक कडी सुटत होती, तसतशी घंटा इंचाइंचानं खाली येत होती. मध्ये एकदा ती भिंतीला घासली आणि पन्नास माणसं एकदम "ए ए ए" ओरडली. खाली टेम्पोत भाताचा पेंढा अंथरलेला. घंटा टेकली तसे टेम्पोचे पाटे करकरले. पाठोपाठ बाक, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आणि नोंदवह्यांची पेटी. वह्यांची पानं २०१९ला भिजून एकमेकांना चिकटली होती. महिला मंडळानं ती दुपारच्या दुपार बसून, पंख्याखाली एकेक सोडवली.

जुन्या जागेचं काय करायचं ते ट्रस्ट ठरवेल. तिथं भरणारी बालवाडी सध्या बंद आहे.

(दृश्य : नवी जागा, माळावर)

पत्र्याचं छत, फरशी, व्हीलचेअरसाठी उतार. नदी इथून दिसत नाही. दिसू नये म्हणूनच ही जागा निवडली. पहिल्या रविवारी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं आणि पत्र्याखाली आवाज इतका घुमला की पेटीवाल्यानं पट्टीच खाली घेतली.

मनोरा अजून व्हायचाय. तोवर घंटा अंगणात त्याच तिकाटीला टांगली आहे, जमिनीपासून हातभर वर. लोलक अजून बसवलेला नाही. नऊ वाजले की एक मुलगा मिस्त्रींचाच पाना घेऊन टोले देतो. मिस्त्रींनी पानाही परत मागितलेला नाही आणि तिकाटीही.