पहिला निबंध

(ग्रंथालय. लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीत ओळी.)

मँचेस्टर विद्यापीठ, नोव्हेंबर महिना. साडेचारलाच अंधारलंय. सोलापूरहून एमएस्सीला आलेली ही मुलगी पहिल्या निबंधाचा टर्निटिन अहवाल बघतेय. इतरांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर हे सॉफ्टवेअर रंगवून दाखवतं. अर्धं पान रंगलेलं. तिच्या पोटात गोळा आलाय.

तिनं चोरी केलेली नाही. तीन पुस्तकं मन लावून वाचली, महत्त्वाची वाक्यं वहीत उतरवली, तीच नीट क्रमानं मांडली. व्याख्येतला एक शब्द बदलला तरी गुण कापले जायचे, अशा वर्गांत आपण शिकलो. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतला निबंध तिनं सहज लिहिला होता. पण तिथे ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे असतात, संदर्भ एकही द्यावा लागत नाही. इथला निबंध हजारो शब्दांचा, आणि एका वर्षाच्या पदवीत चुकतमाकत शिकायला सवड कुठली?

टर्निटिनचा हा अहवाल फक्त मजकूर कुठे जुळतो ते दाखवतो, चोरी झाली की नाही ते नाही. गाळणी लावली नाही, तर अवतरणं आणि संदर्भसूचीही रंगते. एवढं तरी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

(लेखन-मार्गदर्शनाची खोली. दोन खुर्च्या, एक पुस्तक.)

मार्गदर्शिका पुस्तक मिटायला लावतात. "आता सांग, लेखक काय म्हणतो?" ती अडखळत सांगते. "हेच लिही. पुढे कंसात आडनाव आणि वर्ष."

मग दुसरा प्रश्न. "तुला पटलं का?"

ती गप्प. छापलेलं पटलं की नाही, हे तिला आजवर कुणी विचारलेलंच नाही. मला विचाराल तर सगळी अडचण या शांततेत आहे, इंग्रजीत नाही.

थोड्या वेळानं ती म्हणते, "लेखकानं मोठे कारखाने पाहिलेत. आमच्याकडे यंत्रमाग घरोघरी आहेत. तिथे हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही वाटत."

"लिही की!"

पण लिहायचं कसं? 'लेखक चुकला' असं थेट म्हणायचं? इथे याच विद्यापीठात जॉन मॉर्ली यांनी जमवलेली अकॅडेमिक फ्रेजबँक कामी येते. मतभेद कसा नोंदवावा, दावा किती जपून करावा, याची तयार वाक्यरूपं त्यात आहेत. ती वापरणं उचलेगिरी ठरत नाही, कारण आशय आपलाच असतो. 'सिद्ध होते' खोडून ती 'सूचित होते' लिहिते.

(पडद्यावर नवा परिच्छेद.)

सहा ओळी. पहिल्या चार लेखकाच्या, संदर्भासह. शेवटच्या दोन सोलापूरच्या यंत्रमागांच्या.

ती उठताउठता पुढच्या गुरुवारची वेळ मागून घेते.