रागवायची वेळ येण्याआधी

वर्ग शांत कसा ठेवायचा ह्यावर नवीन शिक्षकाला स्टाफरूममध्ये दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे सुरुवातीलाच धाक बसवा नाहीतर पोरं डोक्यावर बसतील, आणि दुसरा, मुलांशी दोस्ती करा मग सगळं आपोआप होतं. दोन्ही खरेच असतात, सांगणाऱ्याला ते जमलेलं असतं ना. पण दुसऱ्याचा धाक उसना आणला की पोरांना पाच मिनिटांत कळतं हो.

अमेरिकेत जेकब कुनिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या लेक्चरमध्ये एक विद्यार्थी पेपर उघडून वाचत बसलेला, त्याला त्यांनी झापलं तर ज्यांचा काही संबंध नव्हता ते पण एकदम माना खाली घालून गप्प! मग एकाला रागावलं की बाकीच्यांवर काय परिणाम होतो ह्याच्याच ते मागे लागले, पुढे शाळेतल्या वर्गांचे व्हिडिओ काढून तपासले आणि १९७० मध्ये सगळं छापलं. गंमत म्हणजे शांत वर्गातले शिक्षक आणि दंगेखोर वर्गातले शिक्षक रागावतात कसे, ह्यात सांगण्यासारखा फरक सापडलाच नाही. फरक होता तो त्याच्या आधी काय चालतं त्यात.

म्हणजे बघा, तुम्ही फळ्यावर लिहिताय, मागच्या बाकावर एकाने शेजाऱ्याची वही ओढली, शेजारी ओरडला, तुम्ही वळलात आणि ओरडणाऱ्यालाच उभं केलंत. खरं कोण ते अख्ख्या वर्गाला माहितीये, आणि आता हेही माहितीये की तुम्हाला दिसत नाही. पाठीलाही डोळे असल्यासारखं वागणं कुनिननी फार महत्त्वाचं मानलंय, आणि त्याची सुरुवात साधी असते, फळ्याला पूर्ण तोंड न करता तिरकं उभं राहायचं, लिहिता लिहिता नजर फिरवायची.

दुसरी नाजूक जागा म्हणजे एक काम संपून दुसरं सुरू होतानाची, खरा दंगा तिथेच होतो. वह्या मिटा, पुस्तकं काढा म्हणायचं आणि निम्म्यांनी काढली की मधेच "अरे, मघाच्या गणिताचं उत्तर कोणाकोणाचं बरोबर आलं?" झालं! काही वहीत, काही पुस्तकात, उरलेले एकमेकांच्या अंगावर. आणि मग आपण म्हणणार वर्गच वाईट आहे.

आता एका मॅडमनी विचारलंय की माझा आवाजच बारीक आहे, मी काय करू. मला विचाराल तर आवाज वाढवायच्या भानगडीत पडूच नका, तो चिरका होतो आणि पोरं नक्कल करतात. चालत त्या बाकापाशी जा, शिकवणं चालूच ठेवा, वहीवर बोट ठेवा, नाव घ्यायचीही गरज पडत नाही बऱ्याचदा. ज्यांना विनोद जमतो त्यांनी विनोद करावेत, ज्यांना कडक राहणं जमतं त्यांनी कडक राहावं, फक्त टोमणे मारू नका, वर्ग हसतो पण ज्याला लागलं तो नंतर तोंड उघडत नाही. आणि पहिल्या आठवड्यात पोर्शनची घाई करू नका, आत आल्यावर काय करायचं, वह्या कुठे ठेवायच्या, काम लवकर संपलं तर काय, हे नुसतं सांगू नका, करून घ्या, चुकलं की परत करून घ्या.